बारा संगणक, एक डिस्क

"सगळं चालू आहे, आवाज तेवढा येत नाही."

गेल्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरल्या आणि मुरबाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या संगणकखोलीत ही तक्रार सुरू झाली. आठवीच्या मुलांना कविता ऐकवायची होती. गणिताचे सरच तिथे संगणकखोली बघतात. त्यांनी हेडफोन बदलून पाहिले, स्पीकरची पिन काढून पुन्हा घातली, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत वर नेली. काही उपयोग झाला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, अक्षरंपण जाड झालीत." तिच्याकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण अक्षरं खरोखरच आडवी पसरली होती, आणि तीसुद्धा एका-दोन नव्हे, खोलीतल्या बाराच्या बारा पडद्यांवर.

अर्धं निदान ह्या बाराच्या आकड्यातच होतं. बारा संगणकांचा आवाज एकाच सुट्टीत जात नाही. तो एकदम जातो तेव्हा बिघाड त्या बारांच्या पोटात नसतो, ते सगळे ज्याच्या जिवावर चालतात त्याच्यात असतो. ह्या खोलीतल्या एकाही संगणकात हार्ड डिस्क नाही. दाराजवळच्या लोखंडी कपाटाशेजारी एक सर्व्हर आहे, त्याच्यात डिस्क आहे, आणि बाकीचे बारा संगणक केबलमधून तिच्यावर चालतात. शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या, धरणांजवळच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. भातसा, तानसा आणि मोडकसागरचं पाणी मुंबईच्या नळाला येतं, तो नळ स्वतः काही साठवत नाही. नळाला गढूळ पाणी आलं तर तोटी बदलून भागत नाही.

असा संगणक सुरू होताना मी खुर्ची ओढून नीट पाहिला. बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नेटवर्क कार्डाचा नंबर उमटतो आणि त्यापुढे एक रेघ गोल फिरत राहते. ह्या वेळी संगणक सगळ्या खोलीला विचारत असतो, मला पत्ता कोण देईल? सर्व्हर डीएचसीपीने पत्ता देतो आणि त्याच उत्तरात 'अमुक फाइल घे' असंही सांगतो. संगणक टीएफटीपी नावाच्या जुन्या, साध्या पद्धतीने ती फाइल आणतो, मग कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्याच्यासोबतची इनिटआरडी ही छोटी फाइल आणतो. कर्नल उभा राहिला की तो सर्व्हरवरची मोठी इमेज एनएफएस या नेटवर्कवरून फायली वाटण्याच्या पद्धतीने जोडून घेतो. सगळी प्रणाली, सगळी पॅकेजं त्या एका इमेजमध्ये असतात. ती फक्त वाचायची, तिच्यात लिहायचं नाही. मुलांनी वर जे काही बदल केले ते संगणकाच्या रॅममध्ये राहतात आणि बटण बंद केलं की जातात. मुलांच्या स्वतःच्या फायली मात्र सर्व्हरवर वेगळ्या जागी जपल्या जातात.

बिघाड कुठल्या पायरीला आहे हे तोच काळा पडदा सांगतो, फक्त तो वाचायची सवय हवी. 'पीएक्सई-ई५१' दिसलं तर पत्ता देणारा कुणी भेटलाच नाही: केबल, स्विच किंवा डीएचसीपी बघा. 'ई५३' म्हणजे पत्ता मिळाला, पण कुठली फाइल घ्यायची ते कुणी सांगितलं नाही. 'ई३२' म्हणजे फाइलचं नाव कळलं, पण टीएफटीपीने वेळेत दार उघडलं नाही. ह्या तिन्ही ओळी सरांनी खोलीच्या दारामागे कागदावर लिहून चिकटवल्या आहेत आणि नववीतली मुलं त्या आता तोंडपाठ सांगतात. एखादा संगणक अडला की मुलं आधी कुठली ओळ आली ते सांगतात, मग सरांना हाक मारतात.

ही कल्पना नवी नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस तयार केलं आणि त्या काळात डिस्क महाग असल्याने त्यांची बिनडिस्कची वर्कस्टेशनं विद्यापीठांत आणि कारखान्यांत गेली. १९८२ मध्ये ती कंपनी काढणाऱ्यांपैकी विनोद खोसला हे जन्माने पुण्याचे. पुढे डिस्क स्वस्त झाली आणि कल्पना मागे पडली. १९९९ मध्ये अमेरिकेत जिम मॅक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, सुरू करून ती पुन्हा उभी केली. ह्या वेळी कारण होतं टाकून दिलेल्या जुन्या संगणकांना कामाला लावणं. २०१९ मध्ये ग्रीसमधल्या शाळांच्या संगणकखोल्या सांभाळणाऱ्या आल्किस जॉर्जोपुलोस यांनी एलटीएसपी नव्याने लिहिलं. मुरबाडच्या खोलीत तेच चालतं. ग्रीसमधल्या शाळेची गरज आणि मुरबाडच्या शाळेची गरज इतकी सारखी निघावी, याचा मला मनापासून आनंद वाटला.

इथे ही रचना का शोभते, ते अपग्रेडच्या दिवशी कळतं. शाळेला नेट म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी मोबाइलचं हॉटस्पॉट. टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याकडे सरकलं की रेंज खिडकीत एक आणि दारात दुसरी. बारा संगणकांवर बारा वेळा तीच पॅकेजं उतरवणं परवडण्यासारखं नाही. बिनडिस्कच्या खोलीत ती एकदाच उतरतात. याच मुरबाड तालुक्यातलं धसई गाव १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, दुकानादुकानात स्वाइप मशीन आली. रेंजचं मोल तिथल्या दुकानदारांना कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

आता आवाजाकडे. ही खोली ज्याने उभी केली तो शाळेचाच माजी विद्यार्थी. आसनगावला राहतो, कल्याणला नेटवर्कच्या केबल टाकण्याच्या कामावर आहे आणि रविवारी किन्हवलीमार्गे सरळगावला उतरून शाळेत येतो. मुलं त्याला दादा म्हणतात, सर त्याला अजून अरे-तुरे करतात. मे महिन्यात त्याला यायला जमलं नव्हतं म्हणून त्याने अपग्रेडच्या पायऱ्या सरांना फोनवर सांगितल्या होत्या. सरांनी त्या एकेक करून केल्या, वहीत लिहून ठेवल्या, आणि मशीनं सुरूही झाली. आवाजाची तक्रार कळल्यानंतरच्या रविवारी दादाने सर्व्हरला हातसुद्धा लावला नाही. बारांपैकी एका संगणकासमोर बसून त्याने दोनच गोष्टी पाहिल्या. आत्ता कुठला कर्नल चालू आहे? उत्तर आलं ६.१.०-१८. इमेजमध्ये कुठल्या कर्नलची मॉड्यूलं, म्हणजे कार्डं वगैरे चालवणारे तुकडे, आहेत? तिथे फक्त ६.१.०-२१ होती.

"सर, इमेज बांधलीत, पण कर्नलची आज्ञा दिली होती का?"

सरांनी वही उघडली. ती पायरी वहीत नव्हती, कारण फोनवर ती सांगायचीच राहून गेली होती.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बिनडिस्कच्या संगणकावरच्या अपग्रेडची निम्मी दुखणी ह्याच जातीची असतात. साध्या संगणकावर कर्नलचं पॅकेज अपग्रेड केलं की कर्नल आणि त्याची मॉड्यूलं एकाच डिस्कवर बसतात, पुन्हा सुरू केलं की दोन्ही नवी. इथे कर्नल दोन ठिकाणी राहतो: एक प्रत इमेजच्या आत आणि एक प्रत टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये, बूटच्या वेळी वाटण्यासाठी. अपग्रेड आतली प्रत बदलतं. बाहेरची बदलायला 'एलटीएसपी कर्नल' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती राहिली म्हणून जुना कर्नल वाटला जात होता. त्याच्यासोबतची इनिटआरडीही जुनीच होती आणि नेटवर्क कार्ड, एनएफएस वगैरे बूटला लागणारी मॉड्यूलं तिच्यात होती, म्हणून संगणक मुकाट्याने सुरू होत होते. पण साउंड कार्डाचं आणि ग्राफिक्सचं मॉड्यूल इनिटआरडीत नसतं, ते नंतर इमेजमधून घ्यायचं असतं. जागा वाचावी म्हणून सरांनी जुनी पॅकेजं काढूनही टाकली होती, त्यांत जुन्या कर्नलची मॉड्यूलं गेली. मग आवाज कुठून येणार? ग्राफिक्सचं मॉड्यूल नाही म्हणून पडदा कामचलाऊ रिझोल्यूशनवर उतरला आणि अक्षरं पसरली. मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितलेली खूण आणि सरांची तक्रार एकाच कारणाच्या दोन बाजू होत्या.

दादाने आज्ञा दिली, एक संगणक पुन्हा सुरू करून पाहिला, आवाज आला. मग बाकीचे अकरा.

त्याआधी, मे महिन्यात, सरांची खरी झटापट झाली होती ती ग्रबशी. ही गोष्ट सरांनी मला वही समोर ठेवून सांगितली. इमेज ज्या फोल्डरपासून बनते त्या फोल्डरच्या आत शिरून, चरूट करून, तिथे अपग्रेड चालवायचं असतं. शिरण्याआधी प्रॉक, सिस आणि डेव्ह ही तीन फोल्डरं आत जोडायची, नाहीतर पॅकेजांच्या स्क्रिप्टा आंधळ्या होतात. आत नावं शोधायची सोय नसली, म्हणजे रिझॉल्व्ह फाइल तुटकी असली, तर नेट असूनही पॅकेज सापडत नाही. आणि पॅकेज बसताना त्याची सेवा लगेच सुरू करायची खोड असते. चरूटमध्ये तसं होऊ दिलं तर ती सेवा सर्व्हरवरच सुरू होते. प्रिंटरची सेवा दोनदा, डीएचसीपी दोनदा, आणि मग खरा सर्व्हर गोंधळतो. त्यासाठी 'पॉलिसी-आरसी-डी' नावाची दोन ओळींची फाइल ठेवतात. ती प्रत्येक वेळी १०१ हा आकडा परत करते, त्याचा अर्थ 'सुरू करू नकोस'.

सरांनी हे सगळं केलं. दीडशेच्या आसपास पॅकेजं सरकत गेली आणि ग्रबपाशी गाडी थांबली. ग्रब म्हणजे डिस्कवरून बूट करून देणारा कार्यक्रम. त्याची स्क्रिप्ट विचारत होती, '/' कुठल्या डिस्कवर आहे? तिथे डिस्कच नव्हती, एक फोल्डर होतं. उत्तर न मिळाल्याने पॅकेज अर्धवट बसलं, पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीने चूक नोंदवली, आणि त्यानंतरची प्रत्येक आज्ञा तीच चूक दाखवत परत येऊ लागली. सरांना वाटलं, डिस्क बिघडली. त्यांनी सर्व्हरची डिस्क तपासली. ती ठणठणीत होती.

उपाय निघाला तो अगदी साधा होता. बिनडिस्कच्या संगणकाला ग्रब लागतच नाही, त्याला उठवणारा सर्व्हर आहे. इमेजमधून ग्रब काढून टाकलं, डीपीकेजीला अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजं पुरी करायला सांगितली, आणि गाडी पुढे गेली.

मला ह्या प्रसंगात एक मोठी गोष्ट दिसली. पॅकेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक संगणक असतो: स्वतःची डिस्क, स्वतःचं नाव, स्वतःचं नेटवर्क कार्ड असलेला. आपण त्याला असा संगणक देतो ज्याच्याकडे यातलं काहीच स्वतःचं नाही. त्यामुळे अपग्रेड अडलं की चूक दाखवणारा संदेश आधी वाचायचा आणि लगेच विचारायचं, ही स्क्रिप्ट कुठली गोष्ट गृहीत धरून चालली आहे आणि ती इथे कुठे राहते? सर्व्हरच्या डिस्कवर, इमेजमध्ये, टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये की रॅममध्ये? चार जागा आहेत. कुठल्या जागेचं दुखणं आहे हे ठरलं की औषध बहुतेक वेळा लगेच सापडतं. ह्या खोलीतला सगळ्यात जुना गैरसमजही तिथलाच होता. एका उत्साही मुलाने जिओजेब्रा या गणिताच्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती आपल्या संगणकावर बसवली, ती चाललीही, आणि दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली. मुलगा हिरमुसला. त्याने ती रॅममध्ये बसवली होती.

दादाच्या पोतडीत अशा गोष्टी खूप आहेत. शहापूर तालुक्यातल्या दुसऱ्या एका खोलीत पूर्वी जुनी प्रणाली होती. तिथे अपग्रेडनंतर पहिला संगणक सुरू झाला आणि बाकीचे सगळे नेटवर्क नाही म्हणून लटकले. कारण पहिल्या संगणकाच्या कार्डाचा नंबर नेटवर्कच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहिला गेला आणि ती फाइल सगळ्यांना वाटल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये राहिली. प्रत्येक नवा संगणक स्वतःचं कार्ड दुसऱ्या क्रमांकाचं समजू लागला. दुसऱ्या वेळी अपग्रेडने इनिटआरडी फुगली. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचे तुकडे पाठवतं आणि तुकड्यांचा क्रमांक ६५,५३५ च्या पुढे जात नाही. म्हणजे ३,३५,५३,९२० बाइट, सुमारे ३२ एमबी. तिथल्या जुन्या बूट-रॉमला त्यापुढची मोजणी येत नव्हती, फाइल जवळजवळ पुरी उतरायची आणि तिथेच अडकायची. इनिटआरडीत फक्त नेटवर्कवरून बूट करायला लागणारी मॉड्यूलं घ्यायला सांगितल्यावर ती पुन्हा मापात आली. आणखी एकदा अपग्रेड सुरूच होईना, पॅकेजांची यादी 'अजून वैध नाही' म्हणून नाकारली जात होती. सर्व्हरच्या बोर्डावरचा गोल सेल संपला होता आणि घड्याळ काही वर्षं मागे गेलं होतं.

लाइट हा वेगळाच विषय. यूपीएस फक्त सर्व्हरला आणि स्विचला आहे, आणि तो अर्धवट अपग्रेडमध्ये दगा देणार नाही याची खात्री कुणी देत नाही. म्हणून सर आता अपग्रेडआधी इमेजच्या मूळ फोल्डरची पूर्ण नक्कल करतात. नवी इमेज बांधताना जुनी बाजूला ठेवली जाते हे खरं, पण लागोपाठ दोन बिघडलेल्या इमेज बांधल्या तर बाजूला ठेवलेलीही बिघडलेलीच उरते. त्यामुळे चांगल्या इमेजला तारखेचं नाव देऊन ती वेगळी ठेवायची हा नियम. दुसरा नियम, मुलं बसलेली असताना इमेजला हात लावायचा नाही.

ह्या पट्ट्यात संगणक आणण्याची धडपड जुनी आहे. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकांनी डिजिटल केली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ती बघायला आले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात डिजिटल शाळांची लाट आली, गावोगाव लोकवर्गणी झाली. त्याआधी, २००७ मध्ये, मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले होते. त्या लॅपटॉपवर प्रणाली नव्याने घालायची तर पेनड्राइव्ह लावून, खेळाची चार बटणं एकत्र दाबून सुरू करावं लागे, एकेका लॅपटॉपवर वेगळं. आणि सरकारी आयसीटी योजना डिसेंबर २००४ पासून. महाराष्ट्रात कंपन्यांनी पाच वर्षांच्या करारावर शाळांत संगणकखोल्या उभ्या केल्या, निदेशक नेमले. करार संपले, संगणक शाळेला मिळाले, निदेशक घरी गेले. त्यांची आंदोलनं आझाद मैदानात झाली.

मला सगळ्यात जास्त खंत ह्याच गोष्टीची वाटते. यंत्र शाळेत राहिलं आणि ते जगवण्याची विद्या शाळेबाहेर गेली. संगणकखोलीचं उद्घाटन फोटोत येतं, अपग्रेड फोटोत येत नाही. पण खोली तीन वर्षांनी चालू असेल की कुलूपबंद, हे अपग्रेड कुणाला जमतं यावर ठरतं. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी घरांतली जी मुलं ह्या तालुक्यांत शिकतात, त्यांना घरी दुसरा संगणक नसतो. त्यांच्या वाट्याला आलेला एकच संगणक आवाजाशिवाय राहिला तर त्यांची कविता राहते. मुरबाडच्या ह्या शाळेत ती विद्या सरांच्या वहीत आली आहे, आणि वहीवरून नववीतल्या दोघी-तिघींच्या हातात. आता अपग्रेड त्या करतात, सर शेजारी उभे राहतात. कर्नलची पायरी वहीत लाल शाईने घातली आहे.

पुढची अडचण मोठी आहे. खोलीतली प्रणाली डेबियन १२, तीही ३२ बिटची, कारण बारांपैकी काही संगणक फार जुने. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यात ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी कर्नलच नाही. म्हणजे पुढचं अपग्रेड सगळ्यांना मिळून करता येणार नाही. दादाने प्रत्येक संगणकाच्या सीपीयूच्या माहितीत 'एलएम' ही दोन अक्षरं शोधायला मुलींना सांगितलं. ती असतील तर तो सीपीयू ६४ बिट चालवू शकतो. आठ संगणकांत ती सापडली. इतकी वर्षं ते आठ संगणक उरलेल्या चारांच्या मापाने चालले होते.

आता दोन इमेज होतील. बूटच्या वेळी आयपीएक्सई हा नेटवर्कवरून बूट करून देणारा कार्यक्रम स्वतःच सीपीयूला विचारतो की तू ६४ बिटचा आहेस का, आणि उत्तरानुसार इमेज देतो. आठ संगणक डेबियन १३ वर जातील. चार जुने १२ वरच राहतील, त्यांना बाहेरचं नेट मिळणार नाही, मराठी टंकलेखन आणि जिओजेब्रा त्यांच्यावर चालू राहील. दोन इमेज म्हणजे दोन अपग्रेड, दोनदा कर्नलची आज्ञा, आणि सर्व्हरच्या डिस्कवर दुप्पट जागा. त्यासाठी शाळेने नवी एसएसडी मागवली आहे. ती सरळगावच्या दुकानात आली की दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी काम काढायचं ठरलं आहे.